भाटात सापडलेला काळा दगड

दगड आला तो पोह्यांच्या रिकाम्या पिशवीतून. नववीतला मुलगा मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात उभा होता आणि पिशवीचे बंद त्याच्या बोटांत रुतले होते. "सर, हा वरून पडलाय," असं म्हणून त्याने पिशवी टेबलावर टेकवली. वह्यांचा गठ्ठा हलला, इतका जड होता तो.

आकार साधारण मोठ्या शहाळ्याच्या गरासकट करवंटीएवढा. रंग काळा, थोडी चमक, आणि पृष्ठभागावर मऊ पिठात अंगठा दाबावा तशा खळग्या. उल्का म्हणून जे चित्र आपल्या डोक्यात असतं, ते कुणीतरी आणून समोर ठेवल्यासारखं वाटलं.

त्याचं म्हणणं असं. 14 डिसेंबरच्या रात्री घरासमोरच्या अंगणातून त्याने एक मोठा हिरवट-पांढरा गोळा आकाशातून सरकताना पाहिला, आणि तो "माडांच्या मागे" पडला. चार दिवसांनी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या त्यांच्या काजूच्या भाटात, म्हणजे बागायतीत, आजीबरोबर गेला असताना हा दगड दिसला. भोवतालचं गवत जळलेलं होतं. आजीच्या मते राखणदाराने, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाने, काहीतरी पाठवलं होतं, आणि दगड हलवण्याआधी तिने त्याला विडा ठेवला होता. मुलाच्या मते तो अंतराळातून आला होता. दोघांत निवाडा करायला दगड माझ्याकडे.

मी विज्ञान शिकवतो खरा, पण माझा जीव पदार्थविज्ञानात. दगड मला चिरा, खडी आणि ग्रॅनाइटचा ओटा एवढेच ठाऊक. पुढचे दोन आठवडे मी जे शिकलो, आणि ज्या क्रमाने चुकलो, ते इथे मांडतो. आपल्या भागात असा दगड घेऊन येणारा हा काही शेवटचा मुलगा नव्हे.

पहिली चूक पाचव्या मिनिटाला झाली. प्रयोगशाळेत जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेला निओडिमियमचा चुंबक होता. तो मी सरळ दगडाला चिकटवला. किंचित ओढ लागली. मुलगा आनंदाने ओरडला आणि माझ्याही अंगावर शहारा आला.

हे का चुकलं ते नंतर वाचलं. खरा अशनी, म्हणजे जमिनीपर्यंत पोहोचलेला उल्केचा दगड, असेल तर त्याच्यातल्या खनिजांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद साठलेली असू शकते, आणि असला ताकदवान चुंबक क्षणात ती पुसून टाकतो. वायव्य आफ्रिकेतून मिळालेल्या 7034 क्रमांकाच्या, मंगळावरून आलेल्या काळ्या अशनीचं हेच झालं. हातोहात फिरताना लोकांनी लावलेल्या चुंबकांनी त्याच्या तुकड्यांमधली मूळ नोंद बिघडली. चुंबक वापरायचाच तर साधा, लहान, दोऱ्याला टांगलेला, आणि दगडाला न टेकवता. दोरा दगडाकडे कलतो की नाही तेवढं पाहायचं. किंवा त्याहून बरं, साधं होकायंत्र जवळ न्यायचं.

आणि ओढ लागली म्हणून सिद्ध तरी काय झालं? गोव्यात, तेही डिचोली-सत्तरीच्या पट्ट्यात, चुंबकाला ओढणारा दगड सापडणं म्हणजे मंगेशीच्या जत्रेत मंगेश नावाचा माणूस सापडण्यासारखं. हे मला माझ्या मामाने सुनावलं.

मामा डिचोलीजवळच्या एका खाणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होता. लोहखनिजाचे नमुने कुटायचे, चाळायचे, विरघळवायचे आणि लोहाचं प्रमाण काढायचं, हे त्याचं आयुष्य. 2012 साली खाणी थांबल्या तेव्हा तो निवृत्तीच्या काठावर होता. आता सकाळी पेपर आणि संध्याकाळी सोप्यावर बसणं. मी दगड घेऊन गेलो तेव्हा त्याने तो हातात घेतला, एकदा खालीवर केला आणि म्हणाला, "हो खणीचो फातर." हा खाणीतला दगड.

"मामा, बघितलास तरी का नीट?"

"बघायला कशाला हवं? एकतीस वर्षं हातात हेच होतं."

हे उत्तर मला पटलं नाही, आणि आजही पटत नाही. हाताला कळतं ते खरंच कळतं, पण नववीतल्या मुलाला ते सांगता येत नाही. त्याला कारण द्यावं लागतं. म्हणून मी मामाला अट घातली: तुझा निकाल तुझ्याजवळ ठेव, आपण एकेक पुरावा तपासू.

सुरुवात मुलाच्या साक्षीपासून केली, कारण ती सर्वांत सोपी होती. 14 डिसेंबरच्या सुमाराला मिथुन राशीतला जेमिनिड उल्कावर्षाव ऐन भरात असतो. त्या रात्री लख्ख उल्का दिसणं हे नवल नव्हे. पण उल्कावर्षावातले कण बहुतेक वाळूच्या दाण्यापासून वाटाण्याएवढे असतात आणि ते वरच्या वर जळून संपतात. दगड टाकणारे अग्निगोल सहसा वर्षावाशी संबंध नसलेले, एकटेदुकटे येतात. दुसरं, "माडांच्या मागे पडला" हा डोळ्यांचा भास आहे. उजेड देणारी उल्का पन्नास-शंभर किलोमीटर दूरही असू शकते. जमिनीपर्यंत पोहोचणारा दगडसुद्धा सहसा वीसेक किलोमीटर उंचीवर वेग हरवून विझतो, आणि पुढचा प्रवास अंधारात, नुसत्या पडण्याच्या वेगाने करतो. म्हणजे जो जमिनीपर्यंत उजळत आलेला दिसतो, तो खरं तर क्षितिजापलीकडे गेलेला असतो.

गवत जळलेलं होतं त्याचं काय? अशनी पेटत पडत नाही. बाहेरची साल वितळते ती काही सेकंद, आणि ती सतत वाऱ्याने उडून जाते. आतला दगड अंतराळातल्या थंडीत मुरलेला असतो. पडल्यावर तो कोमट किंवा गार लागतो, आग लावत नाही. मुलाला विचारलं, "डिसेंबरात भाटात काय करता रे?" तो जरा थांबला. "काजूच्या आधी साफ करतो, सर. पाला जाळतो." मग स्वतःच हसला. दगड जळलेल्या जागेत पडला नव्हता. जळल्यामुळे जागा मोकळी झाली होती आणि तिथे आधीपासून असलेला दगड दिसला होता.

साक्ष संपली. पण साक्ष खोटी ठरली म्हणजे दगड खोटा ठरत नाही. तो शंभर वर्षांपूर्वी पडलेला असू शकतो. आता दगडालाच विचारायचं होतं.

घनता मोजायला मी घरचा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, ज्यावर बायको केकचं साहित्य तोलते. कोरडा दगड 1262 ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याने अर्धी भरलेली प्लास्टिकची बादली ठेवून काटा शून्यावर आणला. दगडाला सुतळी बांधली आणि तळाला न टेकवता, पूर्ण बुडेल असा पाण्यात लोंबकळत धरला. काट्यावर जे वजन वाढतं तेवढ्या ग्रॅम पाण्याची जागा दगडाने घेतलेली असते, म्हणजे तेवढे घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. आकडा आला 291. भागाकार 4.34.

इथे मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. रात्री बसून तक्ते पाहिले. साधा दगडी अशनी 3.2 ते 3.8च्या आसपास. लोखंडी अशनी 7च्या पुढे. मधली जागा कोणाची? दगड आणि लोखंड मिसळलेल्या अशनींची: हिरवट ऑलिव्हिनचे खडे धातूत जडवलेला पॅलासाइट, आणि धातू-दगडाचा काला झालेला मेसोसिडराइट. माझे 4.34 बरोबर तिथे बसत होते! पडताना पाहिलेल्या शंभर अशनींत असा मिश्र जेमतेम एक निघतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. मेसोसिडराइटला गावाचं नाव कसं देतात हेसुद्धा मी वाचून काढलं. सकाळी एका वार्ताहर मित्राला फोन लावायला निघालो होतो, पण तो उचलला गेला नाही हे माझं नशीब.

कारण त्या संध्याकाळी मला एक गोष्ट दिसली होती आणि मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. दगड पाण्यात सोडताच त्याच्या एका कडेतून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. सोड्याच्या बाटलीसारखी, एकामागे एक. आणि काट्यावरचा आकडा स्थिर नव्हता. 291, मग 289, 286. मी पहिला आकडा लिहिला आणि दगड बाहेर काढला. मामाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकला. "परत बुडव. आणि थांब जरा."

रात्रभर दगड पाण्यात ठेवला. सकाळी आकडा 276 होता. पोकळ्यांतली हवा गेली, पाणी आत शिरलं, आणि भागाकार आला 4.57. म्हणजे दगड सच्छिद्र होता आणि त्याच्या भरीव भागाची घनता माझ्या आधीच्या हिशेबाहून जास्त होती. नव्याने पडलेला अशनी बाहेरून वितळून लाख लावल्यासारखा बंद झालेला असतो. त्यात बारीक भेगा असतात, पण अशा बुडबुडे सोडणाऱ्या पोकळ्या नसतात. बुडबुडे आणि भोकं दिसली की आधी भट्टीचा मळ किंवा जांभ्याचा गोटा आठवावा. आणि 4.57च्या वर सरकणारी वाट कुठे जाते? हेमॅटाइट या लोहखनिजाची घनता 5.26, गोएथाइट या दुसऱ्या लोहखनिजाची साधारण 3.3 ते 4.3. दोन्ही मिसळून कुठलाही आकडा तयार होतो, माझ्या मेसोसिडराइटचासुद्धा.

जड दगड हातात आला की नवख्याच्या मनात आशा वाढते. याचं कारण संग्रहालयं आहेत. तिथे काचेमागे ठेवलेले मोठे, काळे, खळग्याखळग्यांचे अशनी बहुतेक लोखंडी असतात, कारण ते टिकतात आणि शेतात सापडले तरी विचित्र म्हणून उचलले जातात. ब्राझीलमध्ये पोर्तुगिजांच्या काळात, 1784 साली सापडलेला पाच टनांवरचा बेंडेगो असाच. 2018च्या आगीत रिओचं संग्रहालय जळालं, पण हा तिथेच उभा राहिला. जालंधरला 1621 साली पडलेल्या लोखंडी अशनीत साधं लोखंड मिसळून जहांगीराने तलवारी घडवून घेतल्या, ती गोष्टही आपल्या लक्षात राहते. पण प्रत्यक्ष पडताना पाहिलेल्या शंभरांत लोखंडी पाचेकच असतात. ऐंशीच्या आसपास असतात ते साधे कोंड्राइट, बाहेरून काळपट आणि आतून सिमेंटच्या ठोकळ्यासारखे राखाडी दगड. म्हणून लोहखनिजाच्या प्रदेशात दगड खूप जड लागला तर अशनीची आशा वाढायला नको, कमी व्हायला हवी.

तिसरी तपासणी रेघेची. यासाठी काहीच लागत नाही. कपाच्या बुडाला जी झिलई नसलेली खरखरीत कडा असते, तिच्यावर दगड दाबून ओढायचा. मामाच्या घरातला चहाचा कप पालथा केला. आधी काळ्या पृष्ठभागाने रेघ ओढली. ती पिवळसर तपकिरी उमटली, हळदीच्या डागावर साबण लागल्यासारखी. मग दगडाचा एक कोपरा हातोडीने अलगद उडवला आणि आतल्या बाजूने ओढली. या वेळी रेघ तांबडी, गेरूसारखी. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची जी चित्रं आहेत, त्यांच्या लालीची. मामा काही बोलला नाही, फक्त कप मुलाच्या हातात दिला.

बाहेरून काळा आणि पोटातून तांबडा तो हेमॅटाइट. पिवळी-तपकिरी रेघ गोएथाइट-लिमोनाइटची. काळी रेघ आली असती तर मॅग्नेटाइट, आणि बोटंही काळी करून वर काळी रेघ देणारा असता तर तो दक्षिण गोव्यातल्या केपे-सांग्याकडचा मँगनीजचा दगड. अशनी बहुतेक वेळा रेघच देत नाही, किंवा अगदी फिकी राखाडी देतो. घरात करण्यासारखी एकच तपासणी निवडायची झाली तर मी आता हीच निवडीन. चुंबक गोव्यात जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि घनता मला जशी चकवून गेली तशी कुणालाही चकवेल. रेघ मात्र त्यात लबाडी करत नाही. जुना गंजलेला अशनी कधी तपकिरी रेघ देऊ शकतो, हा तिचा एकमेव पेच. तो सोडवायला पुढची पायरी.

म्हणजे खिडकी. काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर ठेवून, पाण्याचे थेंब टाकत, दगडाचा नखाएवढा भाग सपाट घासायचा: आधी 220 नंबर, मग 400, मग 600. हे काम मुलाने केलं. चाळीस मिनिटं लागली आणि त्याचे हात कोपरापर्यंत लाल झाले. मग सोनाराचं दहापट भिंग.

तुलनेसाठी माझ्याजवळ खरा तुकडा होता. आकाशदर्शनाच्या नादातल्या पणजीच्या एका मित्राने वायव्य आफ्रिकेच्या वाळवंटातल्या साध्या कोंड्राइटची बारा ग्रॅमची चकती विकत घेतली होती, ती त्याने आठवडाभरासाठी दिली. ती भिंगाखाली धरली की दोन गोष्टी दिसतात. पहिली, धातूचे कण: कथिलाच्या चुऱ्यासारखे चमकणारे, वेडेवाकडे, सगळीकडे विखुरलेले. चकती तिरपी केली की एकदम उजळतात. दुसरी, कोंड्रूल: साबुदाण्याच्या खिचडीत एखादा दाणा अख्खा राहावा तसे गोल गोल दाणे, बहुतेक मिलिमीटरच्या आतबाहेरचे. सूर्यमालेच्या सुरुवातीला, साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, धुळीचे थेंब वितळून थिजले ते हे. पृथ्वीवरच्या कुठल्याही खडकात ते बनत नाहीत. चकतीच्या कडेला वितळलेल्या सालीची काळी रेषा होती, मिलिमीटरहून पातळ, आणि तिथून आत एकदम वेगळा रंग सुरू होत होता, पावाच्या कडक पापुद्र्यासारखा.

मुलाने घासलेल्या खिडकीत यातलं काहीही नव्हतं. होते ते पट्टे. एक पट्टा पोलादी करडा, त्याला लागून पिवळसर तपकिरी, पुन्हा करडा. मधल्या पोकळ्यांत बारीक तंतू उभे राहिलेले, मखमलीसारखे. धातूचा एकही कण नाही. आणि काळी साल? ती एका बाजूला अर्धा मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला चार, आणि आतल्या तपकिरीत हळूहळू विरघळत गेलेली. ती वितळून बनलेली नव्हती, थरावर थर साचून वाढली होती. पावसाचं पाणी लोह विरघळवतं आणि पुन्हा जमवतं. शेकडो पावसाळ्यांनी त्या दगडाला हे गुळगुळीत काळं अंग दिलं होतं. ज्या खळग्या मला अंगठ्याचे ठसे वाटल्या होत्या, त्या अशाच साचलेल्या गोलव्यांच्या मधल्या जागा होत्या.

मुलगा बराच वेळ भिंगातून डोळा काढेना. मग म्हणाला, "पण सर, पूर्ण गंजलेला लोखंडी अशनी असला तर? मग धातू कुठून दिसणार?"

प्रश्न माझ्या मनातही तोच होता, आणि मामाने तो झटकून टाकला: "धातूच नाही तर निकेल शोधणार कशात?" इथे मामा चुकला. लोखंडी अशनीत निकेल असतंच, बहुतेकांत 5 ते 12 टक्के, आणि तो पूर्ण गंजला तरी गंजात त्याचा अंश उरतो. तेव्हा गंजच तपासायचा.

मामाकडे जुनी रसायनं होती. खिडकी घासताना निघालेली भुकटी त्याने हायड्रोक्लोरिक आम्लात गरम केली, पातळ केली आणि त्यात सायट्रिक आम्ल घातलं, नाहीतर अमोनिया टाकताच सगळं लोह तपकिरी साक्यासारखं खाली बसतं आणि रंग दिसत नाही. मग अमोनिया, मग डायमिथिल ग्लायोक्झाइमचे थेंब. निकेल असेल तर गुलाबी-लाल साका येतो, जास्वंदीच्या रंगाचा. आधी त्याने खात्रीसाठी माझ्याकडून 1980च्या दशकातलं रुपयाचं जाड नाणं मागून घेतलं. ते तांबं-निकेलचं असतं. अमोनिया आणि त्या द्रावणात भिजवलेला कापूस नाण्यावर घासताच कापूस गुलाबी झाला. म्हणजे रसायन जिवंत होतं. दगडाच्या नळीत मात्र काहीच झालं नाही. फिका पिवळा रंग तसाच राहिला. दहा मिनिटं थांबलो, तरी तसाच. हे करताना खिडक्या उघड्या होत्या आणि मुलगा तीन पावलं मागे उभा होता. आम्ल आणि अमोनियाचं हे काम मुलांवर सोपवण्यासारखं नाही.

निकाल लिहिला तो असा: हेमॅटाइट आणि गोएथाइट, पट्टेदार, थोडा मॅग्नेटाइट, म्हणून चुंबकाला किंचित ओढ. पट्टेदार लोहखडकाचा तुकडा, जांभ्यात मुरून पुन्हा थर चढलेला. मामाने खाली स्वतःची ओळ जोडली: "अंदाजे लोह 58." कुणी विचारलं नव्हतं, पण त्याला राहवलं नाही.

दगड खरा निघाला असता तर पुढचं वर्गीकरण आमच्या हातातलं नव्हतंच. नागपूरजवळ काटोलला 22 मे 2012 रोजी भर दुपारी पडलेल्या अशनीचा वर्ग एल6 असा लावला आहे. यातला एल म्हणजे लोह कमी असलेला गट. एच म्हणजे जास्त, एलएल म्हणजे लोह कमी आणि धातू त्याहून कमी. हे ठरतं ऑलिव्हिनमध्ये लोहाचा वाटा किती यावरून: एच गटात साधारण 16 ते 20 टक्के, एलमध्ये 22 ते 26, एलएलमध्ये त्याच्या वर. हे उलटं वाटतं, पण एचमधलं बरंचसं लोह धातूच्या रूपात असतं, म्हणून ऑलिव्हिनच्या वाट्याला कमी येतं. त्यासाठी 0.03 मिलिमीटर जाडीचा पारदर्शक काप करून इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबखाली मोजणी लागते. पुढचा आकडा, 3 ते 6, हा दगड मूळ लघुग्रहाच्या पोटात किती भाजला ते सांगतो. 3 मध्ये कोंड्रूल स्वच्छ कोरीव दिसतात, 6 मध्ये आजूबाजूच्या दगडात जवळजवळ विरून गेलेले. गुजरातचा 1976 सालचा धजाला हा एच3.8, म्हणजे कमी भाजलेला आणि संशोधकांचा लाडका. गंज किती चढला यासाठी डब्ल्यू0 ते डब्ल्यू6 आणि धडकेचे घाव किती यासाठी एस1 ते एस6 अशा वेगळ्या मोजण्या आहेत. नाव मिळण्यासाठी मीटिओरिटिकल सोसायटीच्या समितीकडे प्रस्ताव जातो, आणि 20 ग्रॅम किंवा एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, यातलं जे कमी असेल ते, एखाद्या संस्थेत कायमचं ठेवावं लागतं. आपल्याकडे हे जतनाचं काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे आणि त्यांचा मोठा संग्रह कोलकात्याला आहे.

मुलाला मी हेही दाखवलं की नियमांना अपवाद असतात. जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याला 2017 साली पडलेला कार्बनी अशनी कोळशासारखा भुसभुशीत आणि हलका. गुजरातेत 2022 च्या ऑगस्टमध्ये पडलेला दियोदर तर फिकट, पांढुरका ऑब्राइट, ज्यात कोंड्रूल नाहीतच. बिहारच्या शेरघाटीला 1865 मध्ये पडलेला शेरगोटी मंगळावरचा, आणि एखाद्या भूशास्त्रज्ञाच्या हातात दिला तर तो बेसॉल्ट म्हणून खाली ठेवील. हे तिन्ही ओळखले गेले कारण लोकांनी ते पडताना पाहिले आणि लगेच उचलले. आमच्या तपासणीतून असा विरळ दगड निसटू शकतो, हे मान्य. पण तांबडी रेघ आणि पट्टे देणारा निसटलेला नाही.

मुलगा खट्टू झाला होता. त्याला म्हटलं, अंतराळातला माल तुला हवाच असेल तर दगड सोड, धूळ घे. वर्षाला हजारो टन वैश्विक धूळ पृथ्वीवर उतरते. आपल्याच दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हिंदी महासागराच्या तळाच्या गाळातून अशा वितळून गोल झालेल्या सूक्ष्म गोलिका वेचून अभ्यासल्या आहेत. परदेशात हौशी लोक घराच्या पन्हळीतल्या गाळातून चुंबकाने त्या शोधतात. त्याने पुढच्याच रविवारी कौलांची पन्हळ उपसली आणि चुंबकाला चिकटलेली चमचाभर काळी भुकटी कागदाच्या पुडीत आणली. भिंगाखाली सगळा खाणीचा माल. त्यांचं घर खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकांच्या जुन्या रस्त्यावर आहे. चौकोनी, अणकुचीदार, तांबूस कण, एकही गोल नाही. यावर काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. अंटार्क्टिकाच्या बर्फावर अशनी सहज का सापडतात ते मात्र त्याला आपोआप कळलं: तिथे पांढऱ्यावर काळा दगड दिसला की तो बहुतेक वरूनच आलेला असतो. आपल्याकडे काळ्यावर काळा शोधायचा.

दगड जानेवारीत आजीकडे परत गेला. निकाल ऐकून ती म्हणाली, "मास्तर, भाटातला म्हणजे आमचाच तर," आणि तिला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

एप्रिलात मी त्यांच्या घरी गेलो होतो. माजघरात मिठाच्या पाण्यातल्या तोरांची, म्हणजे कैऱ्यांची, मोठी बरणी होती. तोरं वर तरंगू नयेत म्हणून लाकडी चकती, आणि चकतीवर वजन म्हणून तो दगड. आजीची तक्रार होती की चकती खराब झाली. मुलाने दगड उचलून दाखवला. ओल्या फणसाच्या लाकडावर, दगड जिथे टेकला होता तिथे, बोटभर रुंद पट्टा उमटला होता. कडेला पिवळा, मध्ये कावीसारखा तांबडा.

"सर," तो म्हणाला, "कप नको होता आपल्याला."